शॉर्ट फिल्मसाठी कॅमेरा कोणता घ्यायचा? आधी या चार प्रश्नांची उत्तरं द्या

दहा मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची आहे. गोष्ट लिहून झालीये, मित्र शनिवार-रविवार द्यायला तयार आहेत, खिशात जेमतेम पैसे आहेत. आणि सगळी गाडी एका प्रश्नावर अडते: कॅमेरा कोणता?

इथेच अनेक जण हप्त्यांवर महागडा कॅमेरा घेतात. मग माइकला पैसे उरत नाहीत, लाइटला उरत नाहीत, शूटिंगचा दुसरा दिवसही परवडत नाही. खरं तर कॅमेरा हा शेवटचा निर्णय असायला हवा.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. पण लगेच मोठा सिनेमा काढला नाही. आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपत ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली आणि ती दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं केलं. हातात जे होतं, त्यात बसणारा विषय त्यांनी निवडला.

१. फिल्म दाखवणार कुठे?

मोबाइलवरच बघितली जाणार असेल, तर उभी फ्रेम (९:१६) चालेल. यूट्यूब किंवा फेस्टिव्हलसाठी आडवी (१६:९) हवी. ‘दोन्हीसाठी नंतर कापून घेऊ’ असं म्हणू नका. आडव्या फ्रेममधून उभी कापली की रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील, तर त्यातलं एक बाहेर जाणार.

२. रीळ की डिजिटल?

रिळावरच्या चित्राची मजा वेगळी, हे खरं. पण आधी हिशेब करा. १६ एमएमचा ४०० फुटांचा रोल सुमारे ११ मिनिटं चालतो. दहा मिनिटांच्या फिल्मसाठी पाचपट शूट केलं, तरी पाच रोल लागतात. त्यावर धुलाई आणि स्कॅनिंगचा खर्च. पहिल्या फिल्मला डिजिटलच बरं, कारण रिटेक जवळपास फुकट असतो.

जवळपास म्हणायचं कारण, डिजिटललाही जागा लागते. आयफोनवर ४के, ३० फ्रेम्सचा साधा व्हिडिओ मिनिटाला सुमारे १७० एमबी खातो. तेच प्रोरेस फॉरमॅटमध्ये सुमारे ६ जीबी. म्हणजे तासाभराच्या फूटेजला एकीकडे १० जीबी, दुसरीकडे ३६० जीबी! रंगांवर खूप काम करायचं नसेल, तर साधा फॉरमॅट पुरतो.

३. उजेड कसला आहे?

समजा, गोष्ट पुनावळ्यातल्या एका फ्लॅटमध्ये घडते. दिवसा खिडकीतून भरपूर उजेड येतो, तिथे चांगला फोन पुरे. शॉन बेकरचा ‘टँजरीन’ (२०१५) हा अख्खा सिनेमा आयफोन ५एसवर शूट झाला होता.

पण तीच पात्रं रात्री खाली रस्त्यावर आली की फोनचा छोटा सेन्सर दमतो आणि चित्रात दाणे दिसायला लागतात. तिथे मोठ्या सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आणि एफ १.८ सारखी लेन्स लागते. ती एका रात्रीपुरती भाड्याने घ्या. फक्त एक लक्षात ठेवा: अशा लेन्सवर फोकस पटकन सुटतो, त्यामुळे सराव हवा.

आणखी एक हमखास फसणारी गोष्ट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्यात पट्टे दिसतात. उपाय सोपा आहे: फ्रेम रेट २४ किंवा २५ ठेवा आणि शटर १/५०. फोनचं साधं कॅमेरा ॲप हे करू देत नसेल, तर मॅन्युअल कंट्रोल देणारं ॲप टाका.

४. आवाजाचं काय?

थोडं हललेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो. न कळणारा संवाद घेत नाही. पुनावळ्याच्या शेजारून मुंबई-बेंगळुरू महामार्ग जातो, चहूकडे बांधकामं सुरू असतात. फोनचा माइक हे सगळं इमानदारीने टिपतो. म्हणून कॉलरला लावायचा माइक आधी घ्या, कॅमेरा नंतर. शॉट झाला की त्याच खोलीतली अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये संवादांमधल्या फटी भरायला ती लागतेच.

नागराज मंजुळेंच्या ‘पावसाचा निबंध’ला ६५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शनासोबत ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार मिळाला होता. शॉर्ट फिल्ममध्ये आवाजाचं वजन किती, हे त्यातून कळतं.

मग ठरवायचं कसं?

ज्या जागी आणि ज्या वेळी शूट करणार, तिथेच आणि तेव्हाच एक मिनिटाचा सीन फोनवर शूट करा. घरच्या टीव्हीवर लावा, आवाज मोठा करा. चेहरा दिसतोय? संवाद कळतोय? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल, तर कॅमेऱ्याचे पैसे वाचले. ते टीमच्या जेवणावर आणि आणखी एका दिवसाच्या शूटवर खर्च करा. उत्तर ‘नाही’ असेल, तर नेमकं काय भाड्याने आणायचं, हेही त्या एका मिनिटात कळलेलं असेल.