डहाणूच्या कापरेकरांची सतरा अंकी संख्या

डहाणू तालुक्याचे नाव आज वाढवणच्या बंदर प्रकल्पामुळे देशभर घेतले जाते. परंतु अंकगणितात या भूमीची ओळख त्याहून जुनी आहे, कारण ६१७४ हा स्थिरांक ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे जन्मले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळाशिक्षक होते आणि पदव्युत्तर शिक्षण नसतानाही त्यांनी संख्यांचा अभ्यास अखंड चालू ठेवला. ६१७४ विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; मात्र त्यांच्या निरनिराळ्या कल्पना एकत्र पाहायच्या असतील, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या अधिक उपयोगी पडते.

सुमारे १२३ कोटी कोटी इतकी मोठी असलेली ही संख्या १११११११११ या नऊ अंकी संख्येचा वर्ग आहे. हा गुणाकार पाटीवर मांडला, तर तीच संख्या दर वेळी एक घर डावीकडे सरकवत नऊ ओळींत लिहावी लागते. त्यामुळे उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, असे करत मधल्या स्तंभात नऊ एकक जमतात आणि तेथून पुढे त्याच क्रमाने कमी होतात. कोणतीही बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि उत्तर दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येते. नऊऐवजी दहा वेळा एक लिहून वर्ग केला, की मधल्या स्तंभात दहा होतात, हातचा पुढे जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटलेले उत्तर मिळते. हातच्याविना तयार होणाऱ्या या संख्या कापरेकरांच्या ‘डेम्लो’ संख्यांपैकी होत. हे नाव त्यांनी मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून घेतले.

या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला भागले असता बाकी उरत नाही. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तोही १२३४५६७९ या संख्येचा पूर्ण वर्ग आहे. उलट ८१ ने गुणले, तर ९९९९९९९९८००००००००१ मिळते, जो ९९९९९९९९९ चा वर्ग होय. त्याचे ९९९९९९९९८ आणि १ असे दोन भाग करून बेरीज केली, की ९९९९९९९९९ हीच संख्या परत येते. वर्गाच्या दोन भागांच्या बेरजेतून स्वतःच प्रकट होणारी संख्या म्हणजे ‘कापरेकर संख्या’.

हे गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून असल्याने त्यांना गौण ठरवणारे अभ्यासक होते, पण तो आक्षेप अर्धाच खरा आहे, कारण पाया कोणताही घेतला तरी हातच्याविना चालणारी हीच मांडणी त्या पायाहून एक कमी अंकापर्यंत टिकते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात कापरेकरांवर लिहिल्यानंतर त्यांचे कार्य जगभर पोहोचले. वर दिलेला नऊ ओळींचा गुणाकार पाचवीच्या मुलालाही करता येतो. डहाणू-तलासरीतील शिक्षकांनी तो आपल्या वर्गात फळ्यावर अवश्य करून दाखवावा.