तोड चालू असेल की झालेली असेल?

श्रीपूर हे कारखान्याभोवती वाढलेलं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना माळशिरस तालुक्यातल्या या गावात उभा राहिला. आज इथे श्री पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचं गाळप चालतं. अशा गावात बोलणं बहुतेक पुढच्या तारखांचं. तोड कधी येणार, गाडी कधी भरणार, बिल कधी जमा होणार. इंग्रजीतले जे दोन काळ विद्यार्थ्यांना सर्वांत नकोसे वाटतात, अपूर्ण भविष्यकाळ आणि पूर्ण भविष्यकाळ, ते इथल्या माणसाच्या तोंडी हंगामभर असतात. फक्त मराठीत.

मुकादम सांगतो, ‘उद्या दहा वाजता टोळी तुमच्या फडात ऊस तोडत असेल.’ मग म्हणतो, ‘संध्याकाळपर्यंत फड तोडून झालेला असेल.’ पहिल्या वाक्यात दहाच्या ठोक्याला काम अर्ध्यात आहे: कोयते चालताहेत, मोळ्या बांधणं सुरू आहे. दुसऱ्यात काम हातावेगळं झालंय. ‘टोळी उद्या ऊस तोडेल’ एवढंच म्हटलं असतं, तर यातलं काहीच कळलं नसतं. म्हणजे या दोन काळांत आपण मनानं उद्याच्या एका घटकेवर जाऊन उभे राहतो आणि तिथून कामाकडे पाहतो. काम चालू दिसलं तर अपूर्ण, उरकलेलं दिसलं तर पूर्ण.

इंग्रजीत पहिलं वाक्य होतं, ‘ॲट टेन टुमॉरो, द गँग विल बी कटिंग द केन.’ दुसरं, ‘बाय इव्हनिंग, द गँग विल हॅव कट द केन.’ अपूर्णासाठी ‘विल बी’ आणि पुढे क्रियापदाचं ‘आयएनजी’ लागलेलं रूप. पूर्णासाठी ‘विल हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. कर्ता एकवचनी असला तरी ‘विल हॅज’ कधीच होत नाही.

साचा पाठ होतो. अडतं ते ‘पर्यंत’पाशी. ‘संध्याकाळपर्यंत तोडत असतील’ आणि ‘संध्याकाळपर्यंत तोडलेला असेल’ या दोन्हींत आपला ‘पर्यंत’ तोच राहतो, फरक क्रियापद दाखवतं. इंग्रजीत शब्दही बदलावा लागतो. काम त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर ‘टिल’ किंवा ‘अंटिल’: ‘दे विल बी कटिंग अंटिल इव्हनिंग.’ त्या वेळेच्या आत संपणार असेल तर ‘बाय’. ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ हे आपल्याकडच्या ऑफिसांतून सर्रास लिहिलं जाणारं वाक्य याच ‘पर्यंत’मधून येतं. तिथे ‘बाय फ्रायडे’ हवं.

दुसरी अडचण जोडवाक्याची. ‘गाडी येईपर्यंत मोळ्या बांधून झालेल्या असतील’ हे लिहिताना गाडी पुढे येणार म्हणून हात ‘बाय द टाइम द ट्रक विल कम’ लिहायला जातो. इंग्रजी इथे साधा वर्तमानकाळ घेते: ‘बाय द टाइम द ट्रक कम्स, दे विल हॅव टाइड द बंडल्स.’ ‘विल’ मुख्य वाक्यात एकदाच.

तिसरी गल्लत ‘वुड हॅव’ची, आणि तिच्यावरचा उपाय मराठीतच आहे. ‘गाडी काट्यावर पोहोचली असेल’ हा अंदाज. इंग्रजीत ‘द ट्रक विल हॅव अराइव्ड’. ‘गाडी पोहोचली असती’ म्हणजे पोहोचलीच नाही, वाटेत काही आडवं आलं. तिथे ‘वुड हॅव अराइव्ड’. ‘असेल’ला ‘विल हॅव’, ‘असता-असती’ला ‘वुड हॅव’, एवढं लक्षात ठेवलं की मुलाखतीतली आणि पत्रांतली बरीचशी चूक टळते. पहिल्या वाक्यातली गाडी आत्ताची आहे, उद्याची नाही, हेही ध्यानात घ्यावं. ‘असेल’सारखाच ‘विल’सुद्धा अंदाजाला चालतो.

लागणीचा हिशेब मांडायला आणखी एक काळ कामी येतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो साधारण सोळा ते अठरा महिने शेतात राहतो. जुलैच्या लागणीबद्दल पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरचा विचार करून म्हणता येतं, ‘बाय नोव्हेंबर, द केन विल हॅव बीन ग्रोइंग फॉर सिक्स्टीन मन्थ्स.’ म्हणजे वाढ तेव्हाही चालूच असेल आणि तिला सोळा महिने झालेले असतील. कालावधी मोजून सांगायचा असेल तेव्हाच हे लांबलचक रूप वापरावं.

अपूर्ण भविष्यकाळाला अदबही आहे. ‘विल यू कम टुमॉरो?’ यात विनंतीचा भार पडतो, ‘विल यू बी कमिंग टुमॉरो?’ यात समोरच्याचा बेत फक्त विचारला जातो. ‘येताय का उद्या?’ आणि ‘उद्या येणं होणार आहे का?’ यांतलंच हे अंतर. मात्र जाणणं, आवडणं, मालकी असणं अशा क्रियापदांना ‘आयएनजी’ लावू नये. ‘आय विल बी नोइंग’ होत नाही.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत करत ही भाषा गिरवली. या दोन काळांपुरती ती जुनी रीत आजही उपयोगी आहे, कारण चालू आणि झालेलं यांतला भेद आपलं क्रियापद आधीच करतं. नेमकी वेळ सांगायची सवय तेवढी कमी पडते. आपलं ‘होऊन जाईल’ तारखेशिवायही चालतं. इंग्रजीचा पूर्ण भविष्यकाळ मात्र ‘कधीपर्यंत?’चं उत्तर मागतो.

ऊस उत्पादकाला ते उत्तर कायद्यानंच दिलंय. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज. १ डिसेंबरला ऊस घातलेल्या शेतकऱ्याच्या मुलानं वहीत लिहावं, ‘बाय द फिफ्टीन्थ ऑफ डिसेंबर, द फॅक्टरी विल हॅव पेड अस.’ आणि सोळा तारखेला बँकेचं पासबुक पाहून हे वाक्य खरं ठरलं की नाही, ते तपासावं.