करपा कोणता, हे आधी विचारा

लोणंदच्या बाजारात कांद्याच्या गाडीजवळ उभे राहिले की दोन शब्द हमखास कानावर पडतात: ढगाळ हवा आणि करपा. हा पर्जन्यछायेचा मुलूख. पण चार दिवस आभाळ भरून राहिले की कांद्याची पात करपते. तो करपा बुरशीचा. दुकानदार बुरशीनाशक देतो, ते बरोबरच. याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, जावळी-पाटणच्या भातखाचरांतही लोक ‘करपा’च म्हणतात. गफलत तिथे होते.

भाताला करपे दोन. एक बुरशीचा, त्याचे ठिपके मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते. दुसरा कडा करपा, तो जिवाणूंचा. पान शेंड्याकडून, कडेकडेने नागमोडी पिवळे पडत वाळते. २५ ते ३४ अंश तापमान, दमट हवा आणि वाऱ्याचा पाऊस त्याला मानवतो. पाने एकमेकांवर घासून जखमा होतात, थेंबांबरोबर जिवाणू उडतात आणि वरच्या खाचराचे पाणी त्यांना खालच्या खाचरात नेते. जादा युरियाने रोग आणखी बळावतो. यात देवीचा कोप कुठेच नाही. कारण आहे आणि ते डोळ्यांनी पाहता येते.

भारतात या रोगाची पहिली नोंद झाली १९५१ साली, आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात. ज्या कोकणातल्या कुळांसाठी बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, त्याच कोकणातला हा जिल्हा. पुढे १९६३ मध्ये बिहारात मोठी साथ आली. इतकी वर्षे लोटली, तरी उधारीवर आणलेले बुरशीनाशक जिवाणूंवर फवारले जातेच. रोग हटत नाही, उधारी मात्र वाढते.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. रोगट पानाचा ताजा तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधाळ धार उतरली, तर तो जिवाणूंचाच रोग. मग युरिया थांबवायचा, त्या खाचराचे पाणी दुसऱ्यात सोडायचे नाही आणि पुढच्या साली रोगप्रतिकारक वाणाचे बी शोधायचे.

आमचा सवाल वेगळा आहे. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडले तर त्या जखमांतून जिवाणू आत शिरतो, हे कृषी शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. शेंडे खुडणारे हात कुणाचे? चिखलात दिवसभर वाकलेल्या मजूर बाईचे. तिचे नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून मेळाव्याचे बोलावणे तिला नाही; हवामानाचा संदेश येतो तो मालकाच्या मोबाईलवर. पीक बसले तर कापणीची तिची मजुरी बुडते आणि त्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कुणी करत नाही.

कृषी सहायकाने तो काचेचा पेला लावणीच्या दिवसांत बांधावर न्यावा आणि पहिल्यांदा तिच्या हातात द्यावा.