लाईट गेली, सेशन राहिलं
(घरबसल्या लिनक्स : लेखांक 6)

गेल्या आठवड्यात आपण भाड्याच्या सर्व्हरवर लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन उभं केलं आणि एसएसएचने आत शिरलो. काळ्या पडद्यावर कमांड देता येतात, पण सगळीच कामं तशी होत नाहीत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम घ्या. सर्किट काढायला किकॅड आणि ते तपासायला एनजीस्पाइस, अशी त्याची जोडणी आहे. माउसशिवाय तिथे पान हलत नाही. कारंज्यात जुन्या लॅपटॉपवर अभ्यास करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला तिकडचा डेस्कटॉप इकडे दिसायलाच हवा.

त्यासाठी साधनं पुष्कळ आहेत. कोणतं वेगवान, कोणतं फुकट, याच्या तुलना वाचण्याआधी एकच प्रश्न विचारा : काम चालू असताना लाईट गेली आणि राउटर बंद पडला, तर तिकडे काय होईल?

एसएसएचमधूनच एक्सची, म्हणजे लिनक्सच्या चित्ररूप पडद्याची, खिडकी इकडे ओढून आणण्याची जुनी सोय या प्रश्नावर नापास होते. प्रोग्रॅम तिकडे चालतो, खिडकी आपल्याकडे उमटते. जोडणी तुटली की खिडकीबरोबर प्रोग्रॅमही जातो. जतन न केलेलं सर्किट गेलंच म्हणायचं. शिवाय ही पद्धत फार बोलकी. एक मेन्यू उघडायचा तरी दोन्हीकडून बरेच निरोप जा-ये करतात आणि इथे अंतर आडवं येतं. कारंजा ते मुंबई सरळ रेषेत सुमारे 500 किलोमीटर. फायबरमधून प्रकाशाला जाऊन यायला निदान 5 मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट. हेच मशीन अमेरिकेत व्हर्जिनियात घेतलं, तर निव्वळ प्रकाशाच्याच हिशोबाने 130 मिलिसेकंदांच्या आसपास जातात. ॲमेझॉनची मुंबईतली डेटा सेंटरं 2016पासून आहेत, मायक्रोसॉफ्टची पुण्यातली 2015पासून. साधन निवडण्याआधी मशीन जवळचं निवडा. चार पैसे जास्त पडले तरी चालतील.

आता टिकणाऱ्यांकडे. व्हीएनसी सगळ्यात जुनं. 1990च्या दशकात केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. तिकडच्या पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढ्याचं चित्र इकडे पाठवायचं, एवढाच त्याचा धंदा. टायगरव्हीएनसीने स्वतंत्र सेशन उघडलं की तुम्ही निघून गेलात तरी ते तिकडे चालू राहतं. पण मूळ पद्धतीत पासवर्डची फक्त पहिली 8 अक्षरं धरली जातात आणि पुढचा संवाद उघड्यावर चालतो.

एक्सआरडीपी हा लिनक्सवरचा सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या आरडीपीची भाषा बोलतो. त्यामुळे विंडोजमध्ये असलेल्या रिमोट डेस्कटॉपनेच आत जाता येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. लिनक्सवाल्यांना रेमिना आहे. जोडणी तुटली तरी सेशन मारायचं नाही, हीच एक्सआरडीपीची मूळ मांडणी. तासाभराने परत आलात तर कर्सर होता तिथेच सापडतो. बहुतेकांना मी हेच सुचवेन. फक्त डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई बसवा; 2 जीबी रॅमच्या मशीनवर गनोमचा भार कशाला? आणि काळा पडदा दिसला, तर तोच वापरकर्ता दुसरीकडे आधीच लॉगिन नाही ना, हे पाहा.

लाइन फारच बारीक असेल, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढायचे असतील, तर एक्स२गो वापरून पाहा. नोमशीनच्या जुन्या एनएक्स तंत्रावर ते उभं आहे, निरोपांची जा-ये कमी करतं, सेशन थांबवून पुन्हा सुरू करू देतं आणि मुळातच एसएसएचमधून चालतं. नव्या गनोमशी मात्र त्याचं जमत नाही. व्हर्च्युअल मशीन घरच्याच संगणकावर असेल, तर यातलं काही नको. केव्हीएमसोबत येणारा स्पाइस पुरेसा आहे.

सुरक्षेबाबत मात्र मी हट्टी आहे. कारंज्याला दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशा चार वेशी. सर्व्हरला 65,535 पोर्ट. पैकी बाहेरच्यांसाठी एसएसएचची एकच वेस उघडी ठेवा, तीही पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलवर. आरडीपीचा 3389 किंवा व्हीएनसीचा 5901 इंटरनेटवर उघडा टाकला, की पासवर्ड चाचपणारे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम दारात येतातच. त्यापेक्षा लॅपटॉपवरचा 3390 पोर्ट एसएसएचच्या बोगद्यातून तिकडच्या 3389ला जोडा आणि रिमोट डेस्कटॉपला पत्ता द्या ‘लोकलहोस्ट:3390’. लॅपटॉपवरही 3389च घेतला तर स्वतःलाच जोडतोय असं समजून विंडोज नकार देतं, म्हणून हा एक आकडा पुढचा.

राहता राहिली मराठी. कोऱ्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसतात; फाइलींची नावं चौकोनांत दिसतात. उबंटूवर ‘फॉन्ट्स-डेवा’ हे पॅकेज बसवलं की अक्षरं उमटतात. टायपिंगचं गणित जरा वेगळं. आरडीपी अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली तेवढंच कळवतं. तेव्हा इनस्क्रिप्ट कळफलक लॅपटॉपवर असून भागत नाही, तो तिकडच्या मशीनवर आयबसमधून बसवावा लागतो. इकडचा कळफलक इंग्रजीवर ठेवायचा आणि भाषा तिकडच्या पट्टीवरून बदलायची.