गरिबाला लॅटिन कशाला?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रवेशाच्या गर्दीत एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलीला मराठी घेऊन बी. ए. व्हायचे होते, ज्ञानेश्वरी मुळातून वाचायची होती. मी मोठ्या मायेने म्हटले, "बाळ, घरची परिस्थिती पाहा. पोटाला उपयोगी पडेल असे काही शीक." "बरं सर," म्हणून ती वाणिज्य शाखेच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढे एका पाद्र्याची हकिकत वाचनात आली आणि माझा तो शहाणपणा मलाच बोचू लागला.

जोसेफ कॅलासान्झ हा स्पेनचा धर्मगुरू १५९२ साली रोमला आला, तो चर्चमध्ये मानाची जागा मिळावी म्हणून. त्रास्तेवेरेच्या गरीब वस्तीत त्याला उनाड भटकणारी पोरे दिसली आणि तो तिथलाच झाला. त्या काळी विद्या म्हणजे लॅटिन. धर्म, कायदा, वैद्यक, सारी कुलपे त्याच किल्लीने उघडत. जेझुइटांच्या शाळांत फी नसे, हे खरे. पण तिथे जायचे तर लिहितावाचता आधीच यायला हवे. ते शिकवायला गरिबाजवळ पैसा कुठला? दार उघडे, उंबरठा मात्र कमरेएवढा!

कॅलासान्झने तो उंबरठाच काढला. १५९७ मध्ये सांता डोरोटेआ चर्चच्या दोन खोल्यांत त्याची शाळा सुरू झाली. फी नाही, कागद, शाई, लेखण्या शाळेच्या. आरंभ मुळाक्षरांपासून. पुढे हिशेब आणि वळणदार अक्षर, म्हणजे पोरगा पेढीवर लागावा; आणि ज्याला पुढे जायचे त्याला लॅटिन, थेट सिसरोपर्यंत. शाळा सुटली की गुरुजी मुलांना रांगेने घरी पोचवीत.

मोठी माणसे कुरकुरली : गरिबांची पोरे लॅटिन शिकली तर मोलमजुरी कोण करील? कांपानेल्ला या तत्त्ववेत्त्याने त्यांना लेखी उत्तर दिले. तरीही विरोध, राजकारण आणि संघातलीच भांडणे यांपायी १६४६ मध्ये पोपने कॅलासान्झचा संघ मोडीत काढला. दोन वर्षांनी, नव्वदी ओलांडलेला तो म्हातारा वारला. १६६९ मध्ये संघ पुन्हा पूर्ववत उभा राहिला. पुढे त्याच पियारिस्ट गुरुजींच्या एका शाळेत ग्रेगोर मेंडेल नावाचा शेतकऱ्याचा पोर शिकला. आनुवंशिकतेचे नियम सांगणारा तोच हा मेंडेल!

वाचकहो, हिशेब की सिसरो हे कॅलासान्झने दारात उभे राहून ठरवले नाही. मी मात्र ठरवले होते, तेही मायेने.

परवा ती मुलगी जिन्यात भेटली. आता तिसऱ्या वर्षाला आहे. मी म्हटले, "शनिवारी दुपारी येत जा. पहिल्या अध्यायापासून ज्ञानेश्वरी वाचू."

तिचा चेहरा उजळला; मग जरा घुटमळून तिने विचारले, "सर, फी किती?"

चारशे वर्षांपूर्वी एकाने देऊन ठेवलेले उत्तरच मी तिला दिले.