आळ्याचा रेडा

पुणे-नाशिक रस्त्यावर आळेफाट्याला एस. टी. थांबली की उतारू चहा-भज्यांकडे धावतात. तिथून जवळच, जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी एका रेड्याची समाधी आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे! निवृत्तीनंतर एकदा मी मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेलो. त्याचे कारण पुढे येईलच. ज्ञानेश्वरांनी पैठणात ज्याच्या मुखी वेद वदवले, तो रेडा पुढे त्या भावंडांबरोबर निघाला आणि इथे त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. माणसांच्या समाध्या आपल्याकडे पायलीला पन्नास. रेड्याला हार घालणारे गाव मी पहिल्यांदाच पाहिले.

रेड्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली. महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’ने ती घरोघर पोचवली. पण आपल्या लक्षात राहतात ते वेद. त्याआधी काय घडले? समोरून रेडा चालला होता. कुणीतरी कुत्सितपणे म्हणाले, याचेही नाव ग्यानाच! ज्ञानेश्वर म्हणाले, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. लगेच रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले, आणि वळ उठले ते ज्ञानेश्वरांच्या पाठीवर. माझ्या मते गोष्ट इथेच पुरी होते. वेद झाले ते समोरच्या मंडळींची खात्री पटावी म्हणून. वळ रेड्याचे होते. चमत्कार मानावा की मानू नये, या वादात मला शिरायचे नाही. पिढ्यान्‌पिढ्या ही कथा सांगणाऱ्यांना दया कुठे उमटलेली दिसली, एवढेच मी पाहतो. ती पाठीवर दिसली.

आणखी एक गोष्ट बघा. आपल्या संतांच्या सर्वांत लाडक्या कथांतली जनावरे कोणती? ज्ञानेश्वरांचा रेडा, नामदेवांचे कुत्रे, एकनाथांचे गाढव. यांत गाय नाही! गाईला घास घातला की पुण्य ठरलेले. रेडा यमाचे वाहन. कुत्रे आणि गाढव तर आपल्याकडच्या शिव्या. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल म्हणून!

नाथांची कथा मला नोकरीमुळे जास्त भिडते. काशीची गंगा कावडीने वाहायची आणि रामेश्वराला घालायची. शेकडो कोसांची पायपीट. वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी कावड त्याच्या तोंडी रिती केली. बँकेच्या भाषेत ते पाणी ठरावीक कारणासाठी राखून ठेवलेले. दुसरीकडे वळवले की लेखापरीक्षकाची हरकत येणारच! सोबतच्या यात्रेकरूंनी ती घेतलीच. नाथांचे उत्तर असे, की गंगा रामेश्वराला पोचली.

अलीकडच्या काळात गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हेच घरापासून सुरू केले. मुलीच्या बारशाला मटण-दारूचे जेवण घालायची जातीची रीत. त्यांनी गोडाचे जेवण वाढले आणि भाऊबंदांचा राग ओढवून घेतला. पुढे जन्मभर कीर्तनांतून ते नवसाच्या बोकडांची बाजू मांडत राहिले.

आता माझी गोष्ट. १९८७ च्या उन्हाळ्यात मी दुष्काळी भागातल्या एका शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली म्हशींसाठी कर्जे दिली जात. म्हशीचा विमा उतरवायचा आणि कानात नंबरचा बिल्ला मारायचा. म्हैस मेली तर बिल्ला आणून दाखवायचा. बिल्ला नाही तर भरपाई नाही.

एक दुपारी पन्नाशीची बाई टेबलासमोर उभी राहिली. “सायेब, म्हस गेली.”

“बिल्ला आणलात का, मावशी?” मी वर न पाहता विचारले.

तिने पदराची गाठ सोडली. बिल्ल्याला कानाचा तुकडा तसाच होता. फॉर्मात ‘मृत्यूचे कारण’ असा रकाना होता, म्हणून म्हैस कशाने मेली तेही मी विचारले. एरवी विचारले असते असे वाटत नाही.

अंगठा उठवल्यावरही ती हलेना. “मागं रेडकू हाय, सायेब. नर हाय. त्याचं काय करू?”

नर रेडकू म्हणजे दुधाला वाटेकरी, उपयोग शून्य. ते कर्जात नव्हते, विम्यात नव्हते. त्याच्या कानात बिल्लाही नव्हता. मी म्हणालो, “त्याचा बँकेशी काही संबंध नाही.”

“रातभर वरडतंय,” ती म्हणाली.

रांगेत आणखी सात-आठ माणसे होती. मी पुढच्याला हाक मारली.