एक जहाज, दोन भाऊ

कोकणातल्या मुस्लिम घरांचे दर्याशी जुने नाते आहे. बाणकोट, हर्णे, दाभोळ, जयगड या बंदरांच्या आसपास असे घर सापडणे कठीण, ज्यातला कोणी ना कोणी कधी जहाजावर गेला नाही. व्यापारी बोटींवरच्या आपल्या खलाशांविषयी आपण ऐकत आलो आहोत. पण याच घरांतली पुष्कळ माणसे नौदलातही होती, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ‘रॉयल इंडियन नेव्ही’तील खलाशांची भरती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि त्यातही कोकणी मुसलमानांतून होत असे.

आमचे आजोबा त्यांच्यापैकीच एक. घरात लहानथोर सगळे त्यांना ‘बाबा’ म्हणत. त्यांच्या इंतकालाला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांच्याकडून ऐकलेले, दादीने सांगितलेले आणि घरातल्या कागदांतून कळलेले असे सारे आम्ही नातवंडांनी मिळून येथे लिहिले आहे.

खाडीकाठचा पोरगा

बाबांचा जन्म १९२४ चा, बाणकोट खाडीच्या काठच्या गावातला. वडील लवकर वारले. घरात आई, थोरला भाऊ आणि धाकट्या दोन बहिणी. थोडी भातशेती, आंब्याची काही झाडे आणि एक होडी, एवढीच मिळकत. मराठी चौथीपर्यंत शिकून बाबा भावाबरोबर मासेमारीला जाऊ लागले. थोरला भाऊ (त्यांना आम्ही ‘मोठे बाबा’ म्हणतो) आधी नौदलात गेला. १९४२ साली, अठरा वर्षांचे असताना, बाबाही किनाऱ्यावरची आगबोट धरून मुंबईला गेले आणि भरती झाले.

भरती का झालात, असे विचारले की बाबा सरळ सांगत, “पोटासाठी. भाऊ दर महिन्याला मनिऑर्डर पाठवायचा, ते आई साऱ्या गावाला दाखवायची. वाटलं, दोन मनिऑर्डरी आल्या तर बहिणींची लग्नं होतील.” मोठमोठ्या गोष्टी सांगण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

कराची बंदराच्या तोंडाशी मनोरा नावाचे ठिकाण आहे. नौदलाची तोफखान्याची शाळा, ‘हिमालय’, तिथे होती. बाबांनी तोफेचे शिक्षण तिथेच घेतले. पुढे दोघे भाऊ एकाच जहाजावर आले. त्या जहाजाचे नाव ‘नर्बदा’.

आराकानच्या खाड्या

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर जपान्यांविरुद्ध मोहीम झाली. ‘नर्बदा’ आणि ‘जमना’ ही आपली जहाजे त्यात होती. अक्याब, मायेबॉन, कांगॉ अशा ठिकाणी सैन्य उतरवायचे आणि जहाजांवरच्या चार इंची तोफांनी त्याला आधार द्यायचा, असे ते काम.

बाबा सांगत, तिथल्या खाड्या अगदी आपल्यासारख्या. तशीच खारफुटी, तसाच चिखल, भरती-ओहोटीचे तेच गणित. एवढे मोठे जहाज अरुंद खाडीत शिरले की दोन्ही काठांवरची झाडे हाताला लागतील असे वाटे, आणि त्या झाडीत कोण दडले आहे ते कळत नसे. तोफेच्या आवाजाने बाबांचा डावा कान कायमचा गेला. आम्ही लहानपणी त्यांच्या उजव्या बाजूलाच बसायचो. डावीकडून मारलेली हाक त्यांना ऐकू येत नसे.

जहाजावर नमाजची वेळ झाली की होकायंत्रावर असलेल्या सोबत्याला किब्ल्याची दिशा विचारायची आणि जागा मिळेल तिथे उभे राहायचे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपले तेव्हा रमजान चालू होता. त्या दिवशीच्या इफ्तारला जहाजावरच्या हिंदू आणि ख्रिस्ती सोबत्यांनी आपापल्या वाट्याची साखर आणून दिली, ही आठवण बाबा दर रमजानला सांगत.

डाळीतले खडे

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलातील खलाशांचा उठाव झाला. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या आणि गोऱ्यांच्या मानाने तुटपुंजा पगार, यांतून तो पेटला. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या तळावर संप सुरू झाला आणि बघता बघता तो जहाजांवर पसरला. संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र लागले. मुंबईत हरताळ झाला, गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. शेवटी नेत्यांच्या सांगण्यावरून २३ फेब्रुवारीला खलाशांनी संप मागे घेतला.

‘नर्बदा’ संपात पुढे होती. दोघे भाऊही त्यात होते. नंतर चौकशीसाठी त्यांना मुलुंडच्या छावणीत ठेवले गेले. शेकडो खलाशांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. बाबा आणि मोठे बाबा वाचले. “डाळीत खडे निघायचे, म्हणून आम्ही उठलो,” बाबा हसून म्हणत. मग थोडे थांबून म्हणत, “खडे फक्त डाळीतच नव्हते.”

एक कागद, दोन उत्तरे

त्यानंतर दीड वर्षात देशाबरोबर नौदलाचीही वाटणी झाली. भारतीय भागातील मुसलमान सैनिकांना आणि पाकिस्तानच्या भागातील बिगरमुस्लिम सैनिकांना कोणत्या बाजूला जायचे ते निवडता येणार होते. म्हणजे रत्नागिरीच्या या दोन भावांसमोर सरकारने एक कागद ठेवला आणि विचारले, हा देश की तो?

मोठ्या बाबांनी पाकिस्तान लिहिले. त्यांची सासुरवाडी कराचीत स्थायिक होती आणि नव्या नौदलात बढतीची संधी अधिक होती. आमच्या बाबांनी हिंदुस्थान लिहिले. या निवडीविषयी पुढे लोकांनी त्यांना अनेकदा विचारले. कोणी कौतुकाने विचारी, तर कोणी संशयानेही. बाबांचे उत्तर एकच असे : “आई म्हणाली, दोघांपैकी एकाने तरी माझ्या जनाजाला खांदा द्यायला इथं असावं. अब्बांची कबर इथं, घर इथं. मी कुठं जाणार?”

जहाजांचीही वाटणी झाली. त्या जातीच्या सहा जहाजांपैकी चार भारताला आणि दोन पाकिस्तानला मिळाली. त्या दोघांत एक ‘नर्बदा’ होती. पुढे तिचे नाव ‘झेलम’ झाले. ज्या जहाजावर दोघे भाऊ एका ताटात जेवले, ते जहाज थोरल्या भावाबरोबर गेले. १५ ऑगस्ट १९४७ हा रमजानचा शेवटचा जुमा होता. त्यानंतर आलेली ईद भावांनी प्रथमच वेगवेगळ्या देशांत केली.

दिल्लीवर

१९४८ मध्ये भारताने ब्रिटनकडून एक क्रूझर विकत घेतली. तिचे पहिले नाव ‘अकिलिस’. आपल्याकडे ती ‘दिल्ली’ झाली. बाबांची पुढची बरीच नोकरी या जहाजावर गेली. याच जहाजाने १९३९ मध्ये जर्मन युद्धनौका ‘ग्राफ स्पे’शी लढत दिली होती. त्या लढतीवर १९५६ मध्ये इंग्रजी चित्रपट आला, तेव्हा ‘अकिलिस’चे काम ‘दिल्ली’नेच केले. आता तो चित्रपट मोबाईलवर मिळतो. घरातली मुले तो थांबवून थांबवून पाहतात आणि तोफेजवळच्या प्रत्येक माणसाला ‘हेच बाबा’ म्हणतात.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले, तेव्हा ‘दिल्ली’ दीवच्या समुद्रात होती. वीस वर्षांची नोकरी पुरी करून १९६२ मध्ये बाबा पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि गावी परतले. आईच्या जनाजाला त्यांनी खांदा दिला. दिलेला शब्द पाळला गेला याचे समाधान त्यांना अखेरपर्यंत होते.

४ डिसेंबर

नोकरीत असेपर्यंत बाबांनी कराचीला स्वतःच्या हाताने एकही पत्र लिहिले नाही. ते म्हणत, “अंगावर वर्दी आहे, तोवर तिची अमानत सांभाळायची.” खुशाली दादी लिहायची, तीही दोन ओळींत. १९६५ च्या युद्धानंतर मुंबई–कराची आगबोट बंद झाली. टपालही बंद पडे तेव्हा गावातला कोणी कुवेत-दुबईला असेल त्याच्यामार्फत चिठ्ठी जाई.

१९७१ मध्ये ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. तोच दिवस आज नौदल दिन म्हणून पाळला जातो. गावात रेडिओभोवती गर्दी होती, लोक बाबांचे अभिनंदन करत होते. बाबांनी सगळ्यांना चहा दिला. आपल्या नौदलाचा त्यांना खरोखर अभिमान वाटला होता. रात्री मात्र ते मुसल्ल्यावरून उठले नाहीत. कराचीत भाऊ होता, भावजय होती, चार पुतणे होते, आणि त्यांचे घर बंदरापासून लांब नव्हते. पाच दिवसांनी दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. १९४ जण गेले, त्यांत अठरा अधिकारी. ज्या समुद्रात दहा वर्षांपूर्वी बाबा स्वतः होते, तोच तो समुद्र. दादी सांगायची, त्या डिसेंबरात बाबांनी दोन्हीकडच्या माणसांसाठी दुआ केली आणि त्यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही. देश एक असतो, तो त्यांनी निवडला होता. भाऊही एकच होता, आणि तो अल्लाहने दिला होता.

भाऊ सुखरूप असल्याची चिठ्ठी दुबईमार्गे आली, तेव्हा चार महिने उलटले होते.

बत्तीस वर्षांनी

१९७९ मध्ये मोठे बाबा एकदा आले. व्हिसा ठरावीक ठिकाणांचा, आल्यावर आणि जाताना पोलीस ठाण्यात नोंद करायची. बाबा प्रत्येक वेळी सोबत गेले. दोघे म्हातारे ओट्यावर बसून कशावर बोलले असतील? ‘नर्बदा’च्या भंडाऱ्यावर! तो डाळ कशी जाळायचा, यावर दोघांचे भांडण झाले. पुढे १९९४ मध्ये कराचीतील भारतीय दूतावासाची कचेरी बंद झाली, व्हिसासाठी इस्लामाबाद गाठणे भाग पडू लागले. मोठ्या बाबांना ते जमले नाही. १९९७ मध्ये ते तिकडेच वारले. इथल्या मशिदीत बाबांनी त्यांच्यासाठी दुआ करवली.

कागद जपा

बाबा २००३ मध्ये गेले. त्यानंतर दादीची कुटुंब निवृत्ती एका कार्यालयात चौदा महिने अडकली, कारण नोकरीच्या कागदांत तिच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे आणि रेशनकार्डावर वेगळे. ते सुटले बाबांच्या एका जुन्या सेवापुस्तिकेमुळे. पत्र्याच्या पेटीत, बर्मा स्टार पदकाशेजारी, त्यांनी ती मेणकापडात गुंडाळून ठेवली होती. तिच्यात भरतीची तारीख, सेवा क्रमांक, प्रत्येक जहाजाचे नाव आणि पत्नीचे नाव स्वच्छ लिहिलेले होते.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. आपल्या घरातील कोणी फौजेत, नौदलात असेल तर त्यांची सेवापुस्तिका, डिस्चार्ज प्रमाणपत्र, पेन्शनचा आदेश आणि पदके एकत्र ठेवा. सेवा क्रमांक वेगळा लिहून ठेवा, कारण सगळी नोंद त्याच क्रमांकावर सापडते. पत्नीचे आणि मुलांचे नाव सर्व कागदांवर एकसारखे आहे की नाही, हे ते हयात असतानाच पाहा. नौदलातील खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चित्ता कॅम्प येथील ‘ब्यूरो ऑफ सेलर्स’कडे असतात. भूदलातील जवानांसाठी त्यांच्या रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय असते. वाट सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

हे कागद पेन्शनपुरते नाहीत. या देशासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी काय केले, हे उद्या कोणी विचारले तर उत्तर देण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. पेटी उघडली तरी पुरते. आणि ज्यांच्या घरातली अशी माणसे अजून हयात आहेत, त्यांनी मुलांना त्यांच्याजवळ बसवावे, ज्या कानाने ऐकू येते त्या बाजूला.

अल्लाह तआला आमच्या बाबांची आणि मोठ्या बाबांची मगफिरत करो, आणि दर्यावर असलेल्या प्रत्येक घरच्या माणसाला सुखरूप परत आणो. आमीन.